निघताना हजेरी

माझ्या दुकानातलं कटिंगचं टेबल सहा बाय तीन फुटांचं आहे. आठवड्याचे सहा दिवस त्यावर ब्लाउजपीस असतात. मंगळवारी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी त्यावर एक राज्य असतं.

राज्य मीच बेतलंय. सुरुवात झाली भाच्यामुळे. गेल्या मे महिन्यात रुद्र देवळाली कॅम्पला आला तेव्हा त्याच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि वीस तोंडांचा एक फासा. "मावशी, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. अडलं की फासा." मी म्हटलं, एवढ्यासाठी तीनशे पानं? मी नववीत शाळा सोडली, पण अठ्ठावीस वर्षं ब्लाउज शिवतेय. अगदी अंगाबरोबर कापलेला ब्लाउज पहिल्या बाळंतपणानंतर चढत नाही. आत मार्जिन ठेवलं की दहा वर्षं जातो. नियमांचंही तसंच असणार. रुद्र गेल्यावर मापाच्या वहीच्या मागच्या पानावर मी तीन नियम लिहिले.

एक, टेबलावर बोललं ते झालं.

दोन, अडलं तर पाच चिंचोके टाकायचे. मधोमध फोडलेले, एक बाजू चॉकलेटी, एक पांढरी. तीन पांढरे पडले तर जमलं.

तीन, त्या मुलखातून काही आणायचं तर तिथे काही ठेवून यायचं.

खेळायला शेजारची मनीषा आली. ती डबे करते, आणि माझा प्रत्येक नवा उद्योग फसताना तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असतो. ती झाली चोर, पण फक्त खाण्याच्या वस्तू चोरणारी. मग रेहाना आली. तिला रिक्षातून सोडायला आलेला समाधान दारात रेंगाळला आणि पंधरा मिनिटांनी स्टूल ओढून बसला. हरसूलकडचा गडी, सहा फूट उंच, भरघोस मिश्या. म्हणाला, "मला राणी करा."

"राणी?" मनीषा हसता हसता खुर्चीवरून घसरली.

"मंग? राजाला लढाया असतात. राणी बरी, निवांत."

तेव्हापासून तो राणी चिमणाबाई. बरोबर एक बोकड, तिचा प्रधान. बोकडाचं बोलणंही त्याचंच.

रेहाना माझी मैत्रीण. पस्तीस वर्षं तिने तिसरीचा वर्ग सांभाळला. अख्खा कॅम्प तिला टीचर म्हणतो. शाळा दुकानाच्या समोरच, त्यामुळे तिचा आवाज मी मशिनवर बसून रोज ऐकलाय. सातचा पाढा मला झोपेतही येतो तो तिच्यामुळे. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता मानेला रुमाल आणि हातात पाटी. कुरकुरणारी बाई नाही ती. पण एक गोष्ट तिला आतून खात होती. तिची नात कौसर मालेगावला असते, तीन वर्षांची. व्हिडिओ कॉलवर दर वेळी म्हणते, "नानी, बोल ना." आणि रेहानाच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. स्नेहसंमेलनांची शूटिंग ढीगभर आहेत, पण त्यात ती पडद्यामागे, पोरांना ढकलताना. तो आवाज जपून ठेवावा असं कुणाला वाटलंच नाही. एवढा मोठा आवाज जाईल कुठे?

खेळात ती शिपाई झाली, घंटा वाजवणारा. पाटीवर लिहिलं, "३५ वर्षं दुसऱ्याने वाजवलेली ऐकली. आता मी." ती स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटायची. तिची पाटी समाधान दवंडीसारखी वाचून दाखवायचा. फार लांबवलं की त्याच्या मनगटावर पट्टी बसायची.

चौथा नियम तिचा. सहलीहून परतताना हजेरी झाल्याशिवाय ती बस हलू द्यायची नाही, तशीच सवय. "निघताना हजेरी," तिने लिहिलं. खेळ संपला की ती प्रत्येकावर पट्टी रोखायची, आपण "हजर" म्हणायचं, ती पाटीवर बरोबरची खूण करायची. त्याशिवाय कुणी उठायचं नाही. मी खेळात कुणीच नव्हते, नुसती सांगणारी, तरी माझंही नाव पाटीवर असायचं.

खेळ तपासायचा म्हणजे कुठे उसवतोय ते बघायचं. म्हणून मी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करून ठेवते आणि बुधवारी हूक लावताना ऐकते. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये कळलं की चिंचोक्यांचा नियम छान चालतो, बोकड फार बोलतो आणि मी त्याहून जास्त. बोकडाने राणीला राज्य विकून रिक्षा घ्यायचा सल्ला दिला, तिथे हसण्याचा गलका आहे. त्यात एक हसू मला ओळखू येईना. मनीषाचं असेल म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात पट्टी बसल्याचा आवाज आला आणि त्यामागे, शेजारच्या खोलीतून यावं तसं, "गप रे."

मी हूक खाली ठेवला. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग मनीषाकडे गेले. ती कणीक मळत होती. मी काही न सांगता मोबाइल तिच्या कानाला लावला. तिचे हात थांबले.

"टीचर?"

"तुलाही वाटलं?"

"वाटायचं काय त्यात? तिसरीत आम्ही घाबरून उभे राहायचो या आवाजाला." तिने कणकेवर ओला हात फिरवला. "तिला सांगू नकोस अजून. अर्धामुर्धा आहे. पुढे नाही आलं काही तर?"

मी सांगितलं नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवला. जुनं काहीतरी मिसळलं असेल, तो म्हणाला. मोबाइल मी दिवाळीत घेतला होता, ऑपरेशनच्या कितीतरी नंतर. तरी मी मान हलवली. मला हिशोब लागणारी गोष्ट आवडते.

तिसऱ्या आठवड्यात दोन वाक्यं आली. चौथ्यात पाच.

पाचव्या मंगळवारी दुपारी लष्कराच्या तोफांचा सराव चालू होता. डोंगराकडे धप्प व्हायचं आणि कपाटाच्या काचा किणकिणायच्या. आम्ही कुणी मान वर केली नाही. मनीषाने गरम कांदाभजी आणली होती, राणीने मिशीला पीठ लावून घेतलं होतं. राज्यात शिपायाची घंटा मुकी झाली होती. ही अडचण मीच टाकलेली. रेहानाने पाटी वर केली.

"या मुलखात हरवलेले आवाज कुठे जातात?"

हे मी बेतलं नव्हतं. समाधान मात्र लगेच बोलला, "हिरीत! आमच्याकडं पोरं हिरीत हाका टाकतात. सगळ्याच काय परत येत नाय. ऱ्हातात खाली."

टेबलावर बोललं ते झालं. विहीर झाली. मी पायऱ्या सांगत गेले, निसरड्या, एकवीस, आणि तळाशी माणसांच्या बोलण्याची कुजबुज. दुकानात एरवी नव्या कापडाच्या खळीचा वास असतो. त्या वेळी ओल्या दगडाचा आला. बाहेर नळाला पाणी आलं असेल.

"शिपायाचा आवाज द्या," राणी विहिरीत ओरडली.

"काहीतरी ठेवावं लागेल," मी आठवण करून दिली.

मनीषाने चोरलेले सगळे लाडू ठेवले. चिंचोके टाकले. पाचही चॉकलेटी.

राणीने मुकुट ठेवला. पाचही चॉकलेटी.

समाधानने मिशीवरचं पीठ पुसलं. मग म्हणाला, "बोकड घ्या." पाचही चॉकलेटी.

नंतर रुद्रला फोन करून विचारलं. असं बत्तीस हजारांत एकदा घडतं म्हणाला.

भजी गार होत होती. रेहानाने पाटी पालथी ठेवली आणि खिडकीतून शाळेकडे बघायला लागली. मला ते बघवेना.

"अगं, मग माझा घे," मी म्हटलं. "दोघींना पुरेल एवढा आहे माझ्याकडे. गिऱ्हाइकं दुवा देतील."

मनीषा फस्सकन हसली. समाधानही. रेहाना हसली नाही. माझ्याकडे बघत तिने चिंचोके उचलले आणि टाकले.

पाच पांढरे.

समाधान नाचला. खरंच, स्टुलावर चढून नाचला, पंख्याला पगडी लागेल असं मनीषा ओरडत होती, पगडी म्हणजे माझंच लायनिंगचं कापड. रेहानाने पेल्यावर घंटा वाजवली. मग मोबाइलकडे वळून ती ओठ हलवायला लागली. किती तरी वेळ. हातवारे करत, डोळे मोठे करत, मध्येच थांबून, वर्गात गोष्ट सांगायची तशी. खोलीत नुसता पंखा आणि लांबून धप्प. पण आम्ही तिघं गाल टेकून ऐकत होतो.

मग तिने हजेरी घेतली. मनीषा हजर, समाधान हजर, मी हजर. तीन खुणा. समाधान तिला घरी सोडायला गेला.

बुधवारी सकाळी शटर अर्धंच उघडून मी रेकॉर्डिंग लावलं. मधलं गाळून थेट पुढे गेले.

"कौसर, ऐक हं. एक होता बोकड. त्याला सातचा पाढा यायचा नाही…"

पूर्ण आवाज. खणखणीत. समोरच्या खिडकीतून यायचा तसा. अकरा मिनिटं. मी ब्लाउजमध्ये तोंड खुपसून रडले, आणि बोकड सात सत्ते म्हणताना अडला तिथे हसले.

दुपारपर्यंत ते मालेगावला पोहोचलं. कौसरला मुळीच आश्चर्य वाटलं नाही म्हणे. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "परत." आता रोज झोपताना तिला बोकड लागतो. रेहानाने स्वतः ऐकलं तेव्हा पट्टी खाली ठेवली आणि पाटीवर लिहिलं, "मी एवढ्या मोठ्याने बोलायचे?"

"याहून मोठ्याने," मनीषा म्हणाली. समाधानने पेढे वाटले, बोकडाच्या नावाने. इतका आनंद त्या टेबलाने पाहिला नव्हता, लग्नसराईतसुद्धा.

खेळ तयार झाला. फक्त रेकॉर्डिंगचा बाकीचा भाग तपासायचा राहिला होता. तो मी शुक्रवारी ऐकला.

मनीषा आहे. समाधान आहे. विहीर आहे. पायऱ्या मात्र कुणी सांगत नाही. तिथे माझ्या बांगड्या वाजतात, मध्येच थांबतात, पुन्हा वाजतात.

आधीची चार रेकॉर्डिंग काढली. त्यांतही आता माझ्या जागी नुसत्या बांगड्या.

नवीन करून बघितलं. मोबाइल समोर धरून स्वतःचं नाव, पत्ता, सातचा पाढा म्हटला. मागून जाणारा भंगारवाला स्पष्ट येतो.

दुकानात सगळं ठीक आहे. मी बोलते, गिऱ्हाइकं मान डोलावतात. "उज्वलाताई, जरा श्वास घ्या," असंही म्हणतात. म्हणजे ऐकू जात असणार. नियमांत सांगणाऱ्याला सूट आहे असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. मार्जिन जरा जास्तच ठेवलं गेलं. रेहानाला काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. पुन्हा तो मंगळवार आला तर मी तेच म्हणेन. फक्त कुठेतरी असावं, म्हणून हे वहीत लिहून ठेवतेय.

एक गोष्ट राहिली. हजेरी.

त्या दिवशी मी "हजर" म्हटलं होतं. रेहानाने माझ्याकडे बघून मान हलवली होती. पाटीवर खूण केली होती. मी पाहिली.

रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज शांत आहे, बस सुटायच्या आधीचा.

"मनीषा."

"हजर."

"समाधान."

"हजर, टीचर."

"उज्वला."

बांगड्या.

"उज्वला?"

लांब कुठेतरी तोफ. काचा किणकिणतात. मग खडू उचलल्याचा आवाज, आणि रेहाना स्वतःशीच म्हणते,

"आत्ता तर इथे होती."