फेलिमकाकांच्या पुढे चालणारा

ही गोष्ट रचलेली नाही. जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मावशी आहे, आणि डर्वला मावशीला खोटं बोलता येत नाही. तिच्या पोटात साधी वाढदिवसाची भेटवस्तू राहत नाही, भूत कुठून राहणार?

मागच्या सप्टेंबरातला शेवटचा रविवार. आयर्लंडचा मीथ परगणा. लॉक्रूचा डोंगर.

आणि वेळ सकाळची.

रात्र असती तर मावशी आज इतकी खचली नसती. पण सकाळ होती... आणि सगळा घोळ त्या सकाळीनेच केला.

सुरुवात डब्लिनमध्ये झाली, मावशीच्या स्वयंपाकघरात. मावशीच्या नवऱ्याचं, फेलिमकाकांचं, हृदय पार थकलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढणंही सोडलं होतं. नाताळ दिसला तर दिसला, असं त्यांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं. काकांना कुणी बाजूला घेतलं नाही, पण काकांना कळायचं ते कळलं.

उभं आयुष्य त्यांनी शहरात बस चालवली होती. घड्याळ पुढे आणि हे मागे. म्हणून त्यांनी एकच मागणं मागितलं.

"चार दिवस कुठेतरी ने मला. पण हळू. एका दिवशी एकच जागा. मला कुणी 'चल लवकर' म्हणायचं नाही."

मावशी नकाशा पसरून बसली. बॉइन नदीचं खोरं लांब नाही, रस्ते सपाट, पावलापावलावर जुनं काहीतरी. तिने ठरवलं... शुक्रवारी बेक्टिव्हचा पडका मठ, शनिवारी चिंध्यांच्या झाडाची विहीर, रविवारी जुन्या थडग्यांचा लॉक्रूचा डोंगर. म्हणजे डोंगर पायथ्यापासूनच बघायचा, चढायचा नाही. प्रत्येक ठिकाणी बसायला बाक आहे का, हेसुद्धा तिने फोन करून विचारलं.

काका चष्मा नाकावर सरकवून नकाशा बघत होते.

"मठ, विहीर, थडगी. डर्वला, फिरायला नेतेस की जागा पसंत करायला?"

"गप्प बस. सूप गार होतंय."

त्या दिवशी दोघं खूप हसली. मावशी म्हणते, तेच शेवटचं.

गुरुवारी दुपारी ती दोघं मुक्कामाच्या घरी पोचली. घरमालकीण गेराटीबाई, सत्तरीची, कमरेला एप्रन. दार उघडून तिने मावशीकडे पाहिलंच नाही. काकांवरच डाफरली.

"आलात होय? सकाळी चहा टाकते म्हटलं तर न बोलता चालते झालात. अशी रीत असते का?"

"मी?"

"मग कोण, पोप? इथे याच भिंतीवर बसला होतात. हीच तपकिरी टोपी."

मावशीच्या हातातली पिशवी तिथेच राहिली.

सकाळी काका डब्लिनमध्ये होते. तिच्यासमोर. अंडं खात होते.

गेराटीबाईचा चेहरा हळूहळू उतरला. तिने छातीवर क्रूस काढला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "पोरी... हे सकाळपासून तुझ्याजवळच होते?"

"हो."

"मग देवाचे आभार मान. मी सकाळी पाहिलं."

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जिवंत माणसाचं हुबेहूब रूप कधीकधी वेगळं हिंडताना दिसतं. त्याला फेच म्हणतात. ते सकाळी दिसलं तर त्या माणसाला उदंड आयुष्य. संध्याकाळी दिसलं तर... मेणबत्त्या आणून ठेवायच्या.

मावशी शिकलेली बाई आहे. दवाखान्यात हिशेब बघते. पण त्या दुपारी ती न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली. आनंदाने. डॉक्टर म्हणत होते नाताळ, आणि इथे भिंतीवर बसून कुणीतरी वर्षंच्या वर्षं देऊन गेलं होतं.

काका नुसतं म्हणाले, "माझ्या आधी पोचला म्हणजे. बस मिळाली असेल त्याला."

शुक्रवारी बेक्टिव्हचा मठ. धुकं होतं. गवत दवाने चिंब, दगड चिंब, बाकही चिंब.

फक्त बाकाच्या एका टोकाला...

एक माणूस बसेल एवढी जागा कोरडी होती.

मावशीने हात लावला. लाकूड कोमट होतं.

रस्त्याकडेला चहाची गाडी होती. गाडीवरच्या दाढीवाल्याने काकांना बघून मान हलवली. "सापडली का बायको? मघाशी कुणाची तरी वाट बघत बसला होतात."

"मघाशी म्हणजे केव्हा?" मावशीने विचारलं.

"आत्ताच की. जेवणाच्या थोडं आधी."

काल सकाळ. आज जेवणाच्या थोडं आधी.

मावशीने चहा घेतला. पण तो गवतात ओतून दिला.

शनिवारी विहीर. तिथे एक वाकडं जुनं झाड आहे. लोक विहिरीला फेऱ्या घालतात, मनातलं मागतात आणि अंगावरच्या कपड्याची एक चिंधी फांदीला बांधतात. चिंधी कुजली की दुखणं गेलं, असं म्हणतात. मावशीने रुमाल फाडायला घेतला... आणि थांबली.

समोरच्या फांदीवर काकांच्या मफलरची पट्टी होती.

तीच हिरवी लोकर. तीच लाल रेघ. तो मफलर मावशीने स्वतः विणला होता. असा दुसरा जगात नव्हता.

तिने काकांच्या गळ्याकडे पाहिलं. मफलर होता. अख्खा. एक टाका निघालेला नव्हता.

विहिरीपाशी जपमाळ ओढत बसलेली एक बाई म्हणाली, "आत्ता तर बांधून गेलात हो. एका चिंधीने भागत नाही वाटतं?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसली.

दुपार कलली होती. सावल्या लांब झाल्या होत्या.

गाडीत बसताच काकांनी विषय काढला. 

"वेळ पुढे सरकतेय ना त्याची?"

मावशीने गाडी सुरू केली.

"उद्या संध्याकाळ होईल."

"फेलिम, पुरे."

"होऊ दे. मी काय म्हणतो, आपण आपलं हळूच चालू. त्याला जाऊ दे पुढे. मी तुझ्याकडे चार दिवस मागितले होते गं. वर्षं कुठे मागितली?"

पण मावशीला वर्षं हवी होती. गुरुवारी कुणीतरी ती तिच्या पदरात टाकली होती आणि आता रोज थोडी थोडी परत नेत होतं. ती कशी सोडणार?

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर तिने एक वेडेपणा केला. तिला वाटलं, आपण जे ठरवतो ते त्याला कळतं. आपल्या ठरवण्याच्या पुढेच तो चालतो. मग ठरवणंच बदलू. ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "उद्या आम्ही डोंगरावर पहाटेच जाणार. उजाडताना. अगदी माथ्यावर."

गेराटीबाई बटाटे वाढत होती. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"पोरी, त्यांना चढ झेपायचा नाही."

"झेपेल."

"आणि अशांना निरोप धाडायचा नसतो. ते येतात."

काका ताटाकडे बघत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही. मावशीला त्यांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं.

रविवारी पहाटे ती दोघं लॉक्रूच्या फाटकापाशी पोचली. वारा नव्हता. त्या उतारावर सदा मेंढ्या असतात.

त्या दिवशी एकही नव्हती.

पक्षीही नव्हते. फक्त काकांचा श्वास ऐकू येत होता... शिट्टीसारखा.

पूर्वेला आभाळ फटफटायला लागलं. मावशी पुढे झाली. सूर्य वर येण्याआधी तिला माथा गाठायचा होता. तिला त्या फेचला स्वतःच्या डोळ्यांनी सकाळच्या उन्हात बघायचं होतं. म्हणजे हिशेब पुन्हा सकाळवर आला असता.

"जरा थांबू दे," काका म्हणाले.

"वर जाऊन थांबू."

थोडं अंतर गेलं.

"डर्वला... जरासं."

"चल लवकर, फेलिम. फार उशीर होतोय."

हे शब्द तिच्या तोंडून गेले. मला सांगताना या ठिकाणी ती नेहमी थांबते, भिंतीकडे बघते आणि मग पुढे सांगते.

माथ्यावर हजारो वर्षांचं दगडी थडगं आहे. त्याच्या पाठीशी एक प्रचंड शिळा आहे, बसायला खोबण असलेली. आम्ही तिला म्हातारीची खुर्ची म्हणतो. मावशी धापा टाकत थडग्याला वळसा घालून पलीकडे गेली.

खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं.

तपकिरी टोपी. हिरवा मफलर, एका टोकाला फाटलेला.

हात मांडीवर. कसलीही घाई नाही.

आणि त्याच क्षणी सूर्य वर आला. ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं. काकांचाच चेहरा... पण गालांवर रंग होता. दहा वर्षांपूर्वीचा रंग.

मावशीला भीती वाटली नाही. ती म्हणते, इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. सकाळ होती. लख्ख सकाळ. तिने स्वतः पाहिलं होतं.

"फेलिम," ती मागे वळून ओरडली, "ये लवकर. बघ, सकाळ आहे."

उत्तर आलं नाही.

शिट्टीसारखा श्वासही नाही.

ती धावत परत आली. काका उतारावर एका दगडाला टेकून बसले होते. टोपी गवतात पडली होती. डोळे उघडे होते, वरच्या दिशेने, तिच्या पाठीकडे बघत राहिल्यासारखे. तिने हात धरला. हाक मारली. छातीवर कान ठेवला. हलवलं.

काही नाही.

तेवढ्यात वरून पावलांचा आवाज आला.

हळू... अगदी हळू... एकेक पाऊल टेकवत.

तो खाली उतरत होता. मावशी काकांना कवटाळून बसली होती, आणि तो तिच्या शेजारून गेला, इतक्या जवळून की मफलरची लोकर तिच्या गालाला लागली. त्याचा श्वास तिला ऐकू आला. मोकळा, खोल, निरोगी श्वास. त्याने काकांकडे पाहिलं नाही. तिच्याकडेही नाही. वाटेत थांबून त्याने खोऱ्याकडे नजर टाकली, फिरायला आलेला माणूस टाकतो तशी. फाटकातून बाहेर पडला आणि फाटक नीट लावून घेतलं.

सकाळी दिसला तर उदंड आयुष्य. ते खोटं नव्हतं.

फक्त ते कुणाला, हे कुणी सांगितलं नव्हतं.

काकांना आम्ही डब्लिनला पुरलं. मावशी आता आमच्या घरी राहते. पहिले काही महिने तिला फोन यायचे, कधी चहाच्या गाडीवरून, कधी गेराटीबाईचे. तिकडे बातमी पोचूनही लोक सांगायचे, कारण डोळ्यांनी दिसलं ते कसं नाकारणार? अगं, तुझा नवरा आज नदीकाठी होता. तब्येत सुधारलीय. आज मठाकडे बसला होता. मावशी फक्त विचारायची, "सकाळी ना?" ते हो म्हणायचे. ती फोन ठेवायची आणि दिवसभर जेवायची नाही.

मग मागच्या मंगळवारी पुन्हा फोन आला. मी समोरच गृहपाठ करत बसले होते. गेराटीबाईचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"डर्वला, येणार म्हणून कळवायचं तरी होतंस. दारावरून गेलीस आणि आत आली नाहीस?"

"मी?"

"त्यांचा हात धरून चालली होतीस. निवांत. मी खिडकीतून हाक मारली, तू हसलीस."

 मी तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा पांढरा पडेल असं मला वाटलं होतं. तो पडला नाही.

"केव्हा?" तिने विचारलं.

"हे काय, आत्ताच. दिवे लावायला उठले होते मी."

बाहेर अंधारून आलं होतं.

मावशीने फोन ठेवला. टेबलावरचे कप उचलले आणि धुवायला घेतले. आईने घाबरून विचारलं, "कुणाचा फोन होता गं? काय म्हणाले?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "हळूच चालले होते म्हणे."

आज गुरुवार आहे. मावशी वर झोपली आहे. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून हे लिहितेय. आई दर थोड्या वेळाने तिचा श्वास बघून येते...

मघाशी आई वर गेली, त्याला बराच वेळ झाला.

अजून खाली आलेली नाही.