सत्त्याऐंशीवं पान

"साहेब, लगेच या. इथे खंडूला मारतील!"

फोनवर देवरूखच्या एका वाचनालयातल्या ग्रंथपाल दमयंतीबाई होत्या. फौजदार शिरधनकर पोहोचले तेव्हा पायरीवर पन्नासेक माणसं होती आणि खंडूचा ओठ फाटून सदऱ्यावर रक्त सांडलं होतं.

प्रकार विचित्र होता. दुसऱ्या दिवशी, सव्वीस जानेवारी चौऱ्याऐंशीला, सुभेदार रावजींच्या एकाहत्तरच्या लढाईवरच्या पुस्तकाचं प्रकाशन व्हायचं होतं. सुभेदार दोन महिन्यांमागेच वारले होते. सकाळी दमयंतीबाईंनी पुस्तकांच्या चार गठ्ठ्यांपैकी दोन सोडले, तर प्रत्येक प्रतीतलं सत्त्याऐंशीवं पान गायब. शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून, ब्लेडने सरळ कापलेलं.

"दुसरा कोण करणार?" बाबूराव गरजला. सुभेदारांच्याच तुकडीत लढून आलेला, गावात त्याच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. "ह्याचा भाऊ धोंडू मशिनगन टाकून पळाला आणि पाठीत गोळी खाऊन मेला. तेच त्या पानावर होतं. परवा सकाळीच हा वाचनालयाच्या खिडकीशी उभा राहून धमकी देत होता."

"दिली धमकी!" खंडू थुंकला. "भावाचं नाव घातलंनीत तर पुस्तक जाळीन म्हटलं. आख्खं!"

गर्दी पुन्हा अंगावर आली. खंडूची वहिनी, धोंडूची विधवा तुळसा, मध्ये उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "पळपुट्याची बायको!" तिने मान वर केली नाही.

खंडूच्या डोळ्यातला अंगार बघून शिरधनकरांनाही क्षणभर वाटलं, हाच. त्यांनी त्याला जीपमध्ये बसवलं आणि आत येऊन उरलेले दोन गठ्ठे स्वतः सोडले. तिथेही तेच. सत्त्याऐंशीवं पान नाही.

"कुलूप तोडलेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. "गठ्ठे काल संध्याकाळी बाबूरावांच्या जीपमधून आले. किल्ली माझ्याच कनवटीला होती."

"बाबूराव, प्रेसमधून गठ्ठे कधी उचललेत?"

"कालच. उचलले ते थेट इथे टाकले."

"पुस्तक वाचलंत?"

"कधी वाचणार? सुतळी आज सुटली."

 खंडूला तसंच बसवून शिरधनकर जीपने रत्नागिरीच्या प्रेसवर गेले. तिथला अक्षरांचे खिळे जुळवणारा विठू चष्मा पुसत म्हणाला, "गठ्ठे परवा दुपारी गेले साहेब. बाबूरावांनी सही केलीय." मग छपाईच्या रुळाची शाई पुसायला ठेवलेल्या रद्दीतून त्याने सत्त्याऐंशीव्या पानाचा एक डागाळलेला छापील कागद ओढून काढला. शिरधनकरांनी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला.

चार वाजता ते परतले. माणसं हटली नव्हती, वाढली होती.

"खंडूने हे केलेलं नाही," त्याला जीपमधून उतरवत ते म्हणाले. "शंभर पुस्तकं इतकी नीट कापायला अर्धा दिवस लागतो. कुलूप शाबूत होतं, आणि न सोडलेल्या गठ्ठ्यांतलंही पान गेलं होतं. म्हणजे पुस्तकं इथे येण्याआधीच कापली गेली. परवा दुपारपासून काल संध्याकाळपर्यंत ती होती कुठे? बाबूराव, तुमच्या घरी. कालच उचलली हे तुम्ही खोटं सांगितलंत."

"जीप बिघडली होती! आणि मी कशाला कापीन?"

"सकाळी सगळ्या गावासमोर तुम्ही सांगितलंत, त्या पानावर काय होतं ते. न वाचलेल्या पुस्तकातलं. आणि तेही चुकीचं. पुस्तक गायब करून चालणार नव्हतं, ते पुन्हा छापलं गेलं असतं. एक पान गेलं की आळ खंडूवर टाकता येत होता. ब्लेड चालवताना तुम्हाला ठाऊक होतं, गाव त्याला फोडून काढील."

त्यांनी कागद दमयंतीबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो मोठ्याने वाचला.

"'मागे फिरायचा हुकूम नव्हता. बाबू टेकडीवरची मशिनगन सोडून नाल्यात उतरला. धोंडूने ती धरली. उजाडताना आम्ही टेकडीवर पोहोचलो, तेव्हा तो छातीवर गोळ्या घेऊन पडला होता आणि बोट चापावरच होतं. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण माझ्या तुकडीतला माणूस पळाला, हे सांगायची मला लाज वाटली.'"



"मेलेल्या माणसाचा कागद!" बाबूराव किंचाळला. "साक्षीला कोण आहे?"

 त्याने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. सकाळी त्याच्या इशाऱ्यावर हात उगारणारे आता त्याच्याकडेच रोखून बघत होते. तो पायरीवर मटकन बसला.

"पुस्तकांच्या नुकसानीची तक्रार दमयंतीबाई देतील," शिरधनकर म्हणाले. "चला, जीपमध्ये."

तुळसा पुढे आली.

"बारा वर्सं तुज्या दारावरनं मान खाली घालून गेलंय मी," ती म्हणाली. "आता तू जा. ह्या सगल्यांच्या म्होरनं, चालत."

जीप दहा पावलांवर होती. शिरधनकरांनी ड्रायव्हरला ती बाजारपेठेच्या पार टोकाला नेऊन उभी करायला सांगितली.