सगळी उत्तरं देणारी मुलगी

चौल-रेवदंडा रस्त्यावर गणराजच्या मोटरसायकलचं मागचं चाक बसलं, ते नेमकं सोनल शिकवायची त्या शाळेसमोर. पंक्चरवाला चाक काढून घेऊन गेला आणि हा उन्हातून बाजूला व्हायला शाळेच्या ओट्यावर टेकला. आत चौथीचा वर्ग चालू होता. ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं ऐकू येत होतं.

“सांगा, पाण्याची वाफ कशामुळे होते?... उष्णतेमुळे! आणि वाफेचं परत पाणी?... थंड झाल्यावर! शाब्बास!”

शाबासकी कोणाला मिळाली, हे काही त्याला कळेना. मधली सुट्टी झाली, बाई बाहेर आल्या, आणि त्याला हसू आवरलं नाही.

“हसायला काय झालं?”

“काही नाही. तुमच्या वर्गात एक मुलगी फार हुशार आहे. सगळी उत्तरं तीच देते.”

“कोण?”

“ती... अबोली रंगाच्या साडीतली.”

सोनलने स्वतःच्या पदराकडे पाहिलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “तुम्ही कोण मला शिकवणारे?”

“पलीकडच्या गावच्या शाळेवरचा मास्तर. मूळ तळा गावचा.” तो उठून उभा राहिला. “राग मानू नका. मीही असाच होतो. एका पुस्तकानं सुधारलो.”

चार दिवसांनी तो ते पुस्तक घेऊन हजर. वर्गात कसं शिकवावं, यावरचं जाडजूड पुस्तक! सोनलने ते हातात धरलं, ते जणू कोणी औषधाची बाटली द्यावी तसं.

“पुस्तक वाचून कोणाला पोहता येतं का, सर?”

“नाही येत. पण काठावरून कोणी ‘हात मार’ म्हणून ओरडलं, तर बुडणाऱ्यानं ऐकावं.”

“मी बुडत नाहीये!”

“बरं... मग नुसतंच चाळा.”

तिने ते चाळलं नाही, वाचून काढलं. मागच्या बाकाशी जाऊन उभं राहावं, चुकलेल्या उत्तराला हसू नये, ‘समजलं का?’ असं विचारू नये कारण सगळे ‘हो’च म्हणतात. हे सगळं तिला पटलं आणि जमलंही. जमेना ते एकच. प्रश्न विचारल्यावर थांबायचं, आणि कितीही जड गेलं तरी आपण उत्तर द्यायचं नाही. सोनल माणसांनी भरलेल्या घरात वाढलेली. घर गप्प झालं म्हणजे काहीतरी बिघडलंय, हेच तिला ठाऊक. शांततेला ती घाबरायची, ती अशी.

पुस्तकाच्या निमित्ताने गणराज यायचा. कधी ओट्यावर, कधी सुरंगीच्या फुलांच्या वासात रस्त्याच्या कडेला, दोघं वाद घालायचे. वाद कधी संपूच नये असं तिला वाटायला लागलं, आणि ती प्रेमात पडली होती हे सांगायला आता पुस्तकाची गरज नव्हती.

मग एक दिवस तो म्हणाला, “तळ्याला बदली मिळतेय. आई तिथे एकटी असते. शनिवारी पाचच्या आत होकार-नकार कळवायचाय.” आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

 सोनलने विचारलं, “जाणार का मग?” आणि तो तोंड उघडतो न उघडतो तोच तीच म्हणाली, “जाणारच म्हणा. जायलाच हवं. आई आहे तिथे... मी काय सांगणार?”

त्याचा चेहरा उतरला. “हं,” एवढंच म्हणून तो गेला, आणि पुढचे काही दिवस आलाच नाही. आपण काय करून बसलो हे सोनलला रात्री उशिरा उमगलं. बाईंनी पुन्हा स्वतःच उत्तर दिलं होतं.

शनिवार उजाडला तो शिक्षण परिषदेचा. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक तिच्या शाळेत जमलेले आणि नमुना पाठ तिचाच. भिंतीला टेकून केंद्रप्रमुख हरेश्वर सर, आणि दाराजवळ गणराज, मान खाली घालून. हातात फोन.

 सोनलने फळ्याकडे पाठ केली आणि विचारलं, “समुद्र आपल्या इतक्या जवळ आहे, तो खारट. मग आपल्या विहिरीचं पाणी गोड कसं?”

कोणी बोलेना. एक बाई खोकल्या. हरेश्वर सरांनी घड्याळ पाहिलं. उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं, तिने ते दातांखाली दाबून धरलं. पोरं एकमेकांकडे बघत होती. पदराचं टोक मुठीत चुरगळलं. आता बोलावं... आता तरी...

शेवटच्या बाकावरून गोदू उठली. वर्षभर तोंडातून शब्द न काढलेली गोदू.

“बाई, न्हाय. आमच्या हिरीचं पानी पावसात गोड असतंय. मे म्हयन्यात खारं व्हतं.”

“व्हय बाई, आमच्या बी!” तिकडून दुसरा ओरडला. मग जो तो आपापल्या विहिरीचं सांगायला लागला, का होतं यावर भांडायला लागला, आणि वर्ग नुसता उकळला. हरेश्वर सर हसत होते. सोनलने दाराकडे पाहिलं. गणराज तिथे नव्हता.

भांडणारी पोरं तशीच सोडून ती धावतच बाहेर आली. तो मोटरसायकलला किल्ली लावत होता.

“सर... तळ्याला जाणार का?”

त्याने वळून पाहिलं. ती पुढे काही बोलली नाही. तोही बोलला नाही. माडाची झावळी खरखरत होती. त्याच्या हातातला फोन वाजायला लागला, बदलीचं विचारायला अलिबागच्या ऑफिसातून असणार. ‘गेलात तरी चालेल’, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले. डोळे भरून आले तरी ती थांबली.

फोन वाजून वाजून बंद झाला.

“मागच्या वेळी एवढं थांबला असतात तर,” गणराज म्हणाला, “तेव्हाच सांगितलं असतं. नाही जायचं मला. आईला इकडे आणतो. तिला समुद्र आवडत नाही. पण सून आवडेल...”

“कोण सून?”

“आता मी विचारतो. सोनल, माझ्याशी लग्न—”

“हो!”

“अहो, प्रश्न तरी पुरा होऊ द्या! पुस्तकात काय लिहिलंय? थांबायचं.”

“ते विचारणाऱ्यानं,” सोनल डोळे पुसत म्हणाली. “ज्याला उत्तर येतं, त्यानं कशाला थांबायचं?”