टेल हारूवची वेस

उत्खननाचा हंगाम संपत आला होता. वेशीखालचे जळक्या जवाचे दाणे वेचायला तिर्त्सा एल्कायाम संध्याकाळी टेल हारूवच्या, पुरलेल्या प्राचीन शहराच्या टेकाडावर चढली. सोबत ऊझी बारकात होता. ही वेस शलमोन राजाने बांधली, असं ऊझीचं म्हणणं. ती शंभर वर्षांनंतरची, अहाब राजाच्या काळातली, असं तिर्त्साचं. या एका वादात दोघांचे केस पांढरे झाले होते, भरल्या सभांमध्ये एकमेकांचे वाभाडे काढून झाले होते. आता प्रयोगशाळेत दाण्यांचं वय कळलं की निकाल लागणार होता, आणि त्याचा उत्साह दोघांनाही उरला नव्हता.

"हरलीस तर काय करशील?"

"झोपेन. जिंकले तरी झोपेनच."

ऊझी हसला आणि पिशव्या आणायला जीपकडे निघाला. वेस म्हणजे आता गुडघाभर दगड आणि मधली मोकळी वाट. ती ओलांडून तो बाहेर गेला.

तिर्त्सा वाकून माती चाळत होती. आधी जळक्या लाकडाचा वास आला. मग दगडावर काहीतरी जड घासत गेल्याचा आवाज... आणि अडसर पडावा तसा धप्प.

तिने मान वर केली. ऊझी वेशीच्या बाहेर, हातभर अंतरावर उभा राहून मुठींनी हवेवर ठोकत होता. ठोके मात्र लाकडावरचे होते.

"तिर्त्सा... उघड."

"काय उघडू? ये ना इकडे."

"उघड गं... मागून रेटतायत."

त्याच्या मागचा उतार रिकामा होता. तिने हात पुढे केला, तर तळव्याला तापलेली फळी लागली. चाचपडत तिला अडसर सापडला. सगळा जीव एकवटून तिने तो उचलला आणि ऊझी तिच्या अंगावर कोसळला.

"बायका होत्या," तो धापा टाकत म्हणाला. "पोरंही... आत घ्या म्हणत होती."

"कुठल्या राजाचं नाव घेत होती?" तिने थकल्या आवाजात विचारलं. सवयच ती.

"आईला हाका मारत होती फक्त."

त्याच्या शर्टावर, कमरेपाशी, राखेचे इवलेसे पंजे उमटले होते.

दाणे तिने होते तिथेच पुरले. आठवड्याने ऊझीचा फोन आला.

"तो शर्ट मी घरी गेल्या गेल्या जाळला, तिर्त्सा."

"बरं केलंस."

"पंजे कमरेपाशीच होते ना?" त्याने विचारलं. "आज अंगावर खांद्यापर्यंत आलेत."