थांबलेली लगोरी

आनंदीआत्याच्या घरी एक नियम होता. बाहेरच्या खोलीत, शोकेसच्या खालच्या फळीवर ठेवलेल्या व्हिडिओ गेमचा लाल दिवा विझू द्यायचा नाही. आणि का, असं विचारायचं नाही.

ऋतुजाला हा नियम पाचव्या वर्षी कळला. भाऊबीजेला खडकीला गेलं, की तिला त्या डब्यासमोर उभं करायचे आणि हातात निरांजन द्यायचे. ओवाळ दादाला. दादा म्हणजे सूरज, आत्याचा एकुलता एक मुलगा, ऋतुजा जन्मायच्या आधीच गेलेला. "याला टिळा कुठे लावू?" असं तिने एकदा विचारलं, तेव्हा आईने दंडाला असा चिमटा काढला की टिळ्याची जागा तिला आपोआप सापडली.

मोठी झाल्यावर तिला जुने गेम जमवायचा नाद लागला. दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन ती कॅसेटी शोधायची. घरी आणून त्यांचे खालचे पितळी पाय खोडरबराने घासायची, फाटकी लेबलं चिकटवायची, चालतात का ते बघायची. कर्वेनगरच्या फ्लॅटमधलं तिचं कपाट भरून वाहत होतं. घरातली मोठी माणसं त्याला भंगार म्हणत. पण यंदा आत्याचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि सगळ्यांना अचानक आठवण झाली, की ऋतुजाला त्यातलं कळतं.

म्हणून गुरुवारी, अकरा डिसेंबरला, दुपारी ती गाडी घेऊन खडकीला गेली. काम साधं होतं. आत्याला आणि गेमला कर्वेनगरला आणायचं. गेम चालू ठेवून.

त्यासाठी तिने आदल्या रात्री स्वतः चिमटे लावून वायर तयार ठेवली होती. आत्याच्या पायाशी बॅटरी, मांडीवर गेम, गेमवर पदर. विद्यापीठाच्या चौकात वीस मिनिटं गाडी हलेना. आत्या दर दोन मिनिटांनी पदर उचलून बघत होती.

"आहे गं, चालू आहे," ऋतुजा म्हणाली. "झोप जरा."

"झोपेन हं," आत्या म्हणाली आणि पुन्हा पदर उचलला.

साडेआठला जेवणं उरकली. गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली कधीही लाइट जाते म्हणून आत्याने गेम बॅटरीवरच ठेवायला लावला. दिवाणखान्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर गेम, खाली बॅटरी, शेजारी खुर्चीत आत्या. संपतकाका आले होते, आत्याचे थोरले भाऊ, दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त. बरोबर त्यांची नात स्पृहा, अकरावीतली. ऋतुजाची आई पूर्णिमा सुपारी कातरत बसली होती.

"सोमवारी आनंदी ॲडमिट होईल," काका म्हणाले. "त्यानंतर हे तुझ्याकडे, ऋतुजा. पाणी भरल्यासारखं आहे. सवय होते."

"किती दिवस?"

"दिवस कसले मोजतेस?"

"मग वर्षं सांगा."

आईचा अडकित्ता थांबला. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मोठा दिवा मालव गं स्पृहा. कोपऱ्यातला पिवळा राहू दे. हिला साईनाथचं सांगितलंच पाहिजे."

"आजोबा, भुताची?" स्पृहा सरकून जवळ आली.

"खरी. माझ्याबरोबर कारखान्यात होता त्या बजरंगचा मुलगा हा साईनाथ. खराडीला कंपनीत मोठ्या पगारावर. आणि नाद हिच्यासारखाच. जुने गेम. पण हिचा आपला जुना बाजार, त्याचं सगळं विमानाने यायचं. पेटीबंद, पत्रकासकट. त्याला कुठून तरी कळलं, की खडकीत एक लगोरी आहे."

ऋतुजाला लगोरीबद्दल काकांपेक्षा जास्त माहिती होती. खडकी बाजारात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या इम्तियाजने तो गेम स्वतः बनवला होता. पोरगा पळत येतो, चेंडू चुकवतो आणि सात दगड एकावर एक रचतो. सगळ्या पाट्या मराठीत. अशा सातच कॅसेटी त्याने केल्या. सहा हरवल्या. सातवी इथे कोपऱ्यात, स्टुलावर. नऊ वर्षं तिला तो पडदा बघायचा होता आणि नऊ वर्षांत तिने त्याला हात लावला नव्हता. आत्याकडे टीव्ही नव्हता. जुना बिघडल्यावर तिने दुसरा घेतलाच नाही. तिला फक्त दिवा दिसायला हवा होता.

"मेमधली गोष्ट," काका सांगत होते. "अठ्ठ्याण्णव साल. सूरज चौदा वर्षांचा. तेव्हाच्या गेममध्ये खेळ साठवून ठेवता यायचा नाही. बंद केला की पहिल्यापासून. म्हणून पोरं खेळ थांबवून तसाच चालू ठेवायची आणि टीव्ही बंद करायची. हा म्हणाला, आई, बंद करू नको, आलोच. सायकल काढली..."

काकांनी वाक्य सोडून दिलं. आत्या दिव्याकडे बघत होती.

"तेव्हापासून चालू आहे. इम्तियाजने अडॅप्टर तीनदा बदलला, तोही चालू ठेवून. त्या घरात इन्व्हर्टर आहे, पण त्याच्यावर हा एकच प्लग. उन्हाळ्यात लाइट गेली तर आनंदी पुठ्ठ्याने वारा घेते, पण पंखा लावत नाही. सत्तावीस वर्षांत एका लग्नाला मुक्कामी गेली नाही."

"आणि याचा तुम्हाला अभिमान आहे," ऋतुजा म्हणाली.

"ऐक आधी. चौदा नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. गुरुवारच. रात्री आठ वाजता साईनाथ आनंदीकडे आला. मला त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. पाठीवर सॅक, हातात एवढासा टीव्ही. म्हणाला, मावशी, विकत मागत नाही, फक्त पडदा बघतो. त्याने टीव्ही जोडला. लागला."

"काय होतं?" स्पृहाने विचारलं.

"मैदान. दोन दगड रचलेले, पाच खाली. पोरगा वाकलेला, हातात तिसरा दगड. आणि मध्ये अक्षरं लुकलुकताहेत. थांबा. एकवीस वर्षं तो तसाच वाकून उभा होता. आनंदीने बघितलं, काही बोलली नाही. चहा टाकते म्हणून आत गेली."

आत्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"आता याची लबाडी बघा. सॅकमध्ये अगदी असाच दुसरा गेम आणला होता. लाल दिव्याचा. म्हातारीला दिवाच तर बघायचाय ना? हा काढायचा, तो लावायचा, चहा प्यायचा, नमस्कार करून निघायचं. आठ वाजून बावन्न मिनिटं झाली होती. वेळ का लक्षात राहिली, तर त्याने घड्याळ बघितलं. चहाला किती वेळ लागेल म्हणून. आणि त्याने प्लग काढला."

काकांनी तांब्यातलं पाणी प्यायलं.

"दिवा गेला. पडदा काळा झाला. त्याने कॅसेट उपसली. हातात घेतली. आणि लाइट गेली."

"योगायोग," ऋतुजा म्हणाली. "गुरुवार होता."

"असेल. अख्खी गल्ली काळी. स्वयंपाकघरात स्टो विझल्यासारखी शांतता. त्याने मावशी म्हणून हाक मारली. ओ नाही. मग बाहेर... सायकलचं स्टँड लागलं."

स्पृहाने ऋतुजाचा हात धरला.

"खट्. एकदाच. दाराची कडी वाजली नाही. दार उघडलं नाही. पण खोलीत कोणीतरी होतं. त्याला कळलं. उन्हात खेळून आलेल्या पोराच्या अंगाला वास येतो ना, तसा... नोव्हेंबरात."

"मग?"

"तो हलला नाही. कॅसेट हातात. अशी धरलेली, तोंड वर. आणि..."

काका थांबले. खाली सोसायटीच्या गेटवर वॉचमन खोकला.

"हातावर फुंकर पडली."

स्पृहा ऋतुजाला आणखी चिकटली.

"गार. बोटांवर. मग परत एकदा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कॅसेटच्या तोंडात. पोरं मारायची ना, कॅसेट चालली नाही की... तशी. दोनदा. मग त्याच्या हातातली कॅसेट कोणीतरी हळूच दाबली. खाली. मशीनच्या दिशेने."

ऋतुजाच्या मानेवर काटा आला आणि तिला स्वतःचाच राग आला.

"त्याने घातली. त्याने की कोणी, ते त्याला सांगता येईना. चाचपडत प्लग लावला. दिवा लागला. लाइटही आली. पडद्यावर मैदान. पहिल्यापासून सुरू नाही झालं. अक्षरं तीच, थांबा, थांबा, थांबा. तोच पोरगा. पण सरळ उभा. हात रिकामे."

"आणि दगड?"

"तीन."

काकांनी बोटं वर करून दाखवली. "साईनाथने चहा घेतला नाही. टीव्ही तिथेच टाकून गेला, तो दुसऱ्या दिवशी बजरंगने नेला. आठवड्यात सगळे गेम विकले. आता सांगा बाई, तुम्ही शिकलेल्या. त्या डब्यात साठवायची सोय नाही. कॅसेट काढून घातल्यावर तिसरा दगड कुठून आला?"

ऋतुजाने उत्तर शोधलं. अर्धवट बसलेली कॅसेट, चिपमध्ये रेंगाळलेला करंट, अशी चारपाच कारणं तिच्या तोंडाशी आली. त्यातलं एकही पोराला सरळ उभं करत नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणून बंद करायचं नाही," काका समाधानाने म्हणाले. "तो अजून तिथे आहे. हे आपल्या घरातल्या बाईनेच सांभाळायचं. आनंदीनंतर तू. आणि गेम तुझ्याच नावावर होईल, काळजी करू नको. आजवर मागत नव्हतीस, पण डोळे दिसायचे आम्हाला."

"भाऊजी म्हणतात ते ऐक," आई म्हणाली. "दिव्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच तर आहे. प्रत्येक गोष्टीत वाद घालायलाच हवा का?"

ऋतुजा काहीतरी जहाल बोलणार होती. त्याआधी आत्या बोलली.

"मला माहीत होतं."

सगळे वळले.

"त्याच्या सॅकमध्ये दुसरा होता ते. चेन उघडीच होती." आत्याचा आवाज इतका दमलेला होता की ऐकायला वाकावं लागत होतं. "मी मुद्दाम आत गेले. स्टो पेटवलाच नाही. तशीच उभी राहिले, अंधारात. म्हटलं, नेतोय तर नेऊ दे. माझ्या हाताने होत नाही. कोणीतरी चोरून न्यावं..."

"आनंदी!" काका म्हणाले.

"सत्तावीस वर्षं मी सलग झोपले नाही, दादा. दोनला उठते, चारला उठते. तू कधी आलास एक रात्र? भाऊबीजेला येतोस, दिवा बघतोस, जेवून जातोस."

काका चष्मा घालू लागले. तो त्यांना नीट घालता येईना.

ऋतुजा उठून आत्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. "आत्या, तुला काय हवंय? खरं सांग. तू ठेव म्हणालीस तर..."

"मला झोप हवी गं," आत्या म्हणाली. "आणि तुझी झोप जायला नको."

तिने दिव्याकडे पाठ फिरवली आणि डोळे मिटले. पदराखालचा हात सैल सुटून मांडीवरून खाली लोंबला. पुढच्या मिनिटाला ती घोरत होती. चारचौघांत, दिव्याकडे पाठ करून आत्या झोपलेली घरातल्या कोणी पाहिली नव्हती.

"ताई," स्पृहा कुजबुजली. "ती वायर बघ."

बॅटरीचा लाल चिमटा निघून फरशीवर पडला होता. कधी पडला, कोणालाच माहीत नव्हतं. आत्याचा हात तिथवर पोचत नव्हता. काका गोष्ट सांगत होते तेव्हा पडला असेल, नाहीतर त्याच्याही आधी.

ऋतुजाने स्टुलाकडे बघितलं. दिवा चालू होता. तसाच लाल, जराही मंद न होता. तिने दुसरी वायर बोटाने धरून शेवटपर्यंत तपासली. तिचंही टोक सुटलेलं होतं. डब्यामागे काहीच जोडलेलं नव्हतं.

आईच्या हातातला अडकित्ता फरशीवर पडला. आत्या जागी झाली नाही.

"लाव तो चिमटा," काका म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "ऋतुजा, लाव आधी." ते स्वतःच गुडघ्यावर वाकले, चिमट्यासाठी हात पुढे केला.

तिने चिमटा उचलला आणि मुठीत धरला.

"नाही."

"अगं, विझला तर..."

"विझेल तेव्हा विझेल, काका. त्याला आपली गरज दिसत नाही. मी हे सांभाळणार नाही, आणि हिलाही सांभाळू देणार नाही. आजपासून या घरात रात्री कोणी उठणार नाही."

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. आई भिंतीला टेकून बसली. नुसतं आत्याचं घोरणं ऐकू येत होतं आणि कोपऱ्यात, कशालाही न जोडलेला, तो दिवा तसाच जळत होता.