रविवार, दोन ते पाच

लिफ्टचं दार उघडलं आणि थोराच्या हातातली उशी समोरच्या माणसाच्या हातातल्या उशीवर आपटली.

"माफ करा," तो म्हणाला. "तुम्ही आलात... की निघालात?"

"आले. तुम्ही?"

"निघालो. मुलींकडे."

म्हणजे हाही त्यातलाच. घटस्फोटानंतर मुलं घरातच राहणार, आणि आईबापांनी आठवडा-आठवडा वाटून ये-जा करायची. ज्याची पाळी नाही, त्याने विनिपेगच्या या इमारतीतल्या खोलीत पडायचं. थोराची आणि तिच्या आधीच्या नवऱ्याची, वेडची, खोली तिसऱ्या मजल्यावर. या माणसाची, रेमीची, नेमकी समोर.

घोटाळा एवढाच, की ती यायची तेव्हा तो निघायचा आणि तो यायचा तेव्हा ती. दर रविवारी पाचला दोघं लिफ्टपाशी भेटत. चार मिनिटं. तो पायाने दार अडवून धरी, आणि लिफ्ट कुत्र्यासारखी केकाटत राही.

"आज केसांत बर्फ छान दिसतोय तुमच्या."

"कोंडा असेल."

"तोही छान दिसतोय."

आठव्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. दहाव्या रविवारी तो म्हणाला, "थोरा, एकाने आठवडा बदलला तर...?"

"मुलींना विचारलंस?"

"विचारलं. नाही म्हणाल्या. धाकटीने तर विरोधात दोन्ही हात वर केले. तुझी मुलं...?"

थोरा उशीच्या टोकाशी चाळा करत राहिली. तिची मुलं तीन महिन्यांनी आत्ता कुठे रात्रभर झोपू लागली होती. "त्यांची घडी मी नाही मोडणार, रेमी. तुझ्यासाठीसुद्धा."

"तुझ्यासाठीसुद्धा," हे शब्द मात्र आठवडाभर तिला गुदगुल्या करत राहिले.

शनिवारी आठ वर्षांच्या आस्ताने स्वयंपाकघरात सभा बोलावली. पाच वर्षांचा कोल तिच्या शेजारी गंभीर चेहऱ्याने बसला होता. नाकात बोट.

"आई, बाबा पाचला येतो तेव्हा अंधार होतो. टेकडीवर घसरगाडी कशी खेळणार?"

"मी नेते की दुपारी!"

"तू ढकलतेस, पण गाडी मध्येच थांबते," आस्ता म्हणाली. "रागावू नकोस. बाबाच्या पाळीला त्याने दोनलाच यायचं. तू तेव्हाच जा. त्याने जायचं मात्र पाचलाच. लिहून घे."

आपल्याच पोरांनी आपले तीन तास कापले. थोराला क्षणभर रडू आलं. मग तिने हिशेब लावला... आणि वेडला फोन करताना तिचा आवाज इतका गोड झाला, की त्याने तब्येत विचारली.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला तिने समोरचं दार ठोठावलं. रेमीने उघडलं. तोंडात ब्रश, पायात एकच मोजा.

"पाच वाजले?" तो घाबरून म्हणाला.

"सव्वादोन. माझ्या मुलांना मी तीन तास नकोय."

त्याने ब्रश बाहेर काढला. "मला हवीयस."

"पाचला तुला मुलींकडे जायचंय."

"जाणारच." हनुवटीवरचा फेस पुसत तो म्हणाला, "थोरा, माझं प्रेम आहे तुझ्यावर, हे आत्ता सांगू... की पावणेपाचला?"

"आत्ताच सांग," ती बूट काढत म्हणाली. "मलाही तेच सांगायचंय, आणि मी फार हळू बोलते."