चेकलिस्टला तिसऱ्याचं उत्तर

ही घटना शंभर टक्के खरी आहे. मलाही आधी पूर्ण पटली नव्हती, पण शेवटचा भाग मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

माझा मामा पायलट. त्याच्या जोडीच्या पायलटला सगळे 'आजोबा' म्हणायचे. वय चौतीसच, पण प्रत्येक गोष्ट तीनदा तपासायची खोड.

त्या मंगळवारी सकाळी आजोबा मालवाहू विमान घेऊन एकटाच निघाला. दोनच मिनिटांत विमान कोसळलं.

आजोबा गेला.

"आजोबा आणि चूक? मी नाही मानत," पायलटांच्या खोलीत एक जुना कॅप्टन म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मामा खाली मान घालून बसला होता.

कारण आदल्या संध्याकाळी तेच विमान मामाने आणलं होतं. उतरताना विमान वळवायचे कंट्रोल किंचित अडकले होते. लॉगबुकात तसं लिहिलं असतं, तर विमान जागचं हललं नसतं आणि मामाचे दोन तास कागदपत्रांत गेले असते. त्याला घरी जायची घाई होती.

त्याने लिहिलं, 'दोष नाही.'

हा दोष फक्त हवेत जाणवायचा. जमिनीवर आजोबाने तीनदा काय, तीसदा तपासलं असतं तरी सापडला नसता.

सहाव्या दिवशी मामा ड्युटीवर गेला. भर दुपार. विमान दुसरं, नवंकोरं. को-पायलट चेकलिस्ट वाचू लागला, मामा एकेक उत्तर देऊ लागला.

"कंट्रोल?"

मामाने फिरवून पाहिले. "मोकळे."

आणि हेडफोनमध्ये…

"नाही."

शांत, सावकाश. आजोबाचाच आवाज.

"काही म्हणालास?"

"मी? नाही सर," को-पायलट म्हणाला.

मामाने इंजिन बंद केलं. त्यानंतर तो विमानात चढलाच नाही.

महिन्याभराने चौकशीचा अहवाल आला. 'पायलटची चूक.' मामा सगळं सांगून टाकायचं ठरवून आजोबाच्या बायकोकडे गेला. तिने दारातच विचारलं, "भाऊजी, खरंच यांची चूक होती का हो?"

सांगायला आलेलं सगळं मामाने गिळलं. मग तो म्हणाला, "हो वहिनी. थोडीशी."

आतल्या बंद खोलीतून…

"नाही."

वहिनींनी वळून पाहिलं. मग कितीतरी वेळ त्या मामाकडे बघत राहिल्या. मामा पाणीही न पिता निघाला.

हे सगळं त्याने मला गेल्या रविवारी सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात, सकाळी दहाला. घरात आम्ही दोघंच. मामा निम्मा झालाय. मला त्याची कीव आली आणि संतापही आला.

"मामा, अजूनही खरं लिहून दे. त्या माणसाच्या नावावरचा डाग तरी जाईल."

मी कागद-पेन समोर ठेवलं. मामाने पेन उचललं. डोळे पुसले.

"देतो," तो म्हणाला. "आजच देतो लिहून."

आमच्या मागे, रिकाम्या खुर्चीतून…

"नाही."

मी ऐकलं. अगदी स्पष्ट. आवाजात राग नव्हता, मामाला तीनदा तपासून झाल्याची नुसती खात्री होती.

मामाने पेन खाली ठेवलं. तो कागद अजून कोराच आहे.